ओटीतली मिरची

संकेश्वर
१४ मे २०२४

सौ. भाग्यलक्ष्मी विहीणबाई यांस,
मालन देसाई हिचा स. न. वि. वि.

पत्र बघून चकित व्हाल. फोन असताना पत्र कशाला, तर फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी अंदाजाने ऐकून रागावते. आपल्या दोघींच्या मधे शाल्मली बोलते तेव्हा तर विचारूच नका. मी एक सांगते, ती ते साखरेत घोळून तुम्हाला दुसरंच सांगते. तुमच्या बोलण्याचंही तेच करत असणार. लेक म्हणून गुणाची आहे, पण निरोप द्यायला कामाची नाही. दोन्ही घरांच्या त्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहावं, तर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली माझं म्हणणं गाडलं जातं. म्हणून म्हटलं, कागदच बरा.

सोबत डब्यात आमचा कांदा-लसूण मसाला पाठवते आहे. जपून वापरा. तुम्ही आमटीत गूळ घालणारी माणसं. चमचा आमच्या मापाने घेतलात तर पद्मनाभरावांना उठून पळावं लागेल. हा मसाला शेवटचा आहे. हे लिहायचं नव्हतं, पण हात लिहून गेला, तर आता सांगूनच टाकते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मिरचीवर बोकड्या पडला. झाडाची पानं मुठीसारखी आवळली गेली आणि एकाही झाडाने फळ धरलं नाही. घरात होतं ते बी मी सगळं पेरून बसले होते, कारण जुनं बी साठवून ठेवायचं नाही ही सासूबाईंची शिकवण. शेजारीपाजारी आता दर वर्षी पाकिटातलं बी आणतात आणि त्या पाकिटावरच्या फोटोसारखी मिरची पिकवतात. चवही फोटोसारखीच. आमच्या घरची जवारी, म्हणजे गावठी, संकेश्वरी म्हणजे वीतभर लांब, काडीसारखी बारीक, हाताला झोंबणारी पण पोटाला न जाळणारी. ती आता आमच्याकडे नाही. रोज मसाल्याच्या बरणीचं झाकण उघडते, तळ दिसतो आणि पुन्हा लावून टाकते.

त्या मिरचीचं बी आता एकाच ठिकाणी उरलं आहे. लग्नात शाल्मलीच्या ओटीत मी पुरचुंडी घातली होती, त्यात. आमच्याकडची रीत अशी, की लेकीच्या ओटीत घातलेलं बी आईने परत मागायचं नाही. बी परत मागणं म्हणजे लेक परत मागणं. तेव्हा मी ते मागत नाही. हे पत्र त्यासाठी नाहीच. सहज मनात आलं म्हणून विचारते, ती पुरचुंडी कुठे आहे? कोरड्या जागी आहे ना? तिकडे उंदीर नाहीत ना? आपलं सहज.

मुलांना आशीर्वाद, पद्मनाभरावांना नमस्कार. लोभ आहेच, तो मसाला चाखल्यावरही टिकून राहावा ही विनंती.

आपली,
मालन

*

राजाजीनगर, बेंगळुरू
२८ मे २०२४

सौ. मालनताई विहीणबाई यांस,
भाग्यलक्ष्मी रावचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र आणि डबा दोन्ही पोचले. मराठीत पत्र लिहून मला इतकी वर्षं झाली की अक्षरं रुसून बसली आहेत. आमच्या घराला या गावात चार पिढ्या झाल्या. बोलताना मधेच कन्नड येतं आणि लिहिताना काहीच येत नाही. सांभाळून घ्या.

मसाला स्वल्प चाखला. स्वल्प म्हणजे किती, हे तुमच्यात आणि आमच्यात वेगळं असतं हे आत्ता कळलं. यांनी हुळीत, म्हणजे आमच्या सांबारात, अर्धा चमचा घालून घेतला आणि मग संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. हे निवृत्त झाल्यापासून घरात इतकी शांतता पहिल्यांदाच. डबा मी जपून ठेवला आहे.

आता पुरचुंडीचं. शाल्मलीला विचारलं तर ती नुसतं हो हो म्हणाली. तिचं असं हो हो मला ओळखता येतं, म्हणून स्वतःच व्हाइटफील्डला गेले. मॅजेस्टिकला मेट्रो बदलून, पुढे रिक्षावाल्या अण्णांशी भांडून पोचेपर्यंत मला वाटलं, संकेश्वर जवळ पडलं असतं. मुलांच्या घरी पिझ्झाबरोबर येणाऱ्या तिखटाच्या पुड्या एका काचेच्या बरणीत साठवतात. आमच्या ध्रुवने एका रविवारी फ्रिज आवरताना तुमची पुरचुंडी बघितली, ती त्याच जातीची समजला आणि बरणीत ठेवून दिली. तेव्हापासून दर शनिवारी तो तुमच्या सासूबाईंचं बी पिझ्झावर भुरभुरतो आहे. असं झणझणीत तिखट कुठल्याच दुकानाच्या पुडीत नसतं, असं त्याने ऑफिसात चार जणांना सांगितलंही आहे. जावयाला सासरची चव कळली नाही, असं तरी कुणी म्हणू नये.

रागावू नका. चिमूटभर शिल्लक आहे. ध्रुवने कान पकडले आहेत आणि शाल्मली दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. ती चिमूट मी राजाजीनगरला घेऊन आले. तुम्ही मागत नाही म्हणता, आणि सुनेच्या ओटीतलं सासूने परत पाठवायचं हे आमच्यातही शोभत नाही. पण मला गच्ची आहे. माझी बेडगी त्या गच्चीवर चाळीस वर्षं पिकते. लग्न होऊन आले त्या वर्षी माझ्या सासूबाईंनी हावेरीकडचं हे बी माझ्या हातावर ठेवलं होतं, तेव्हापासून एक पावसाळा चुकला नाही. तिच्याशेजारी तुमची लावते. रीतीचं काय करायचं ते पिकल्यावर बघू.

डबा रिकामा परत पाठवायचा नाही, हे तुमच्याकडे असेल तसं आमच्याकडेही आहे. म्हणून त्यात माझ्या वाळलेल्या बेडग्या भरल्या आहेत. मिरचीला रंगही असतो हे तुमच्या स्वयंपाकघराला कळू दे.

सगळ्यांना नमस्कार सांगा. तुमचा लोभ तिखट आहे हे समजलं, तो तसाच राहू द्या.

आपली,
भाग्यलक्ष्मी

*

संकेश्वर
१५ जून २०२४

सौ. भाग्यलक्ष्मी विहीणबाई यांस,
मालनचा स. न. वि. वि.

जावईबापूंचा अपराध पोटात घालते. दुसरं काय करणार, बी त्यांच्या पोटात गेलंच आहे. चिमूटभर राहिलं ही देवाची कृपा आणि तुमची धावपळ. तुम्ही एवढ्या लांब जाऊन ते घेऊन आलात, हे वाचून मी डोळ्याला पदर लावला. पण ते असो.

बी राखेत घोळवून पेरा, दाट पेरू नका. रोप वीतभर झालं की हलवा. फळं लागली की खरी परीक्षा. पहिल्या तोड्याचं बी धरायचं नाही, दुसऱ्या तोड्याचं धरायचं. त्यासाठी मिरची झाडावरच लाल होऊन सुरकुतेपर्यंत तिला हात लावायचा नाही, मग सावलीत वाळवायची. ठेच्याचा मोह होईल, तो आवरा. पद्मनाभरावांना गच्चीवर एकटं सोडू नका.

बेडगी मिळाली. रंग बघून डोळे निवले. कुटून भाजीत घातली, तर भाजी नवरीसारखी नटली आणि पाण्यासारखी लागली. आमच्या ह्यांनी घरातलं तिखट संपलं आहे का, असं विचारलं. स्पष्ट सांगते, कुंकवाच्या करंड्यात शोभेल अशी तुमची मिरची आहे. कुटायच्या आधी बी पाखडून काढलं ते गोठ्यामागच्या उकिरड्यावर टाकलं. राग मानू नका. मुलीची आई म्हणून म्हणाल तिथे मान खाली घालीन, पण मिरचीच्या बाबतीत ते जमायचं नाही.

रोपं उगवली की आधी मला कळवा, मग शाल्मलीला. लोभ वाढत राहो, तुमच्या गच्चीवरच्या रोपांच्या बेताने वाढला तरी चालेल.

आपली,
मालन

*

राजाजीनगर
१८ ऑगस्ट २०२४

सौ. मालनताई विहीणबाई यांस,
भाग्यलक्ष्मीचा नमस्कार, वि. वि.

बेडगीला कुंकू म्हणालात म्हणून मी दोन महिने पत्र लिहिलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. कुंकवावाचून कुणाचं शुभकार्य अडत नाही ते एकदा कळवा. आणि उकिरड्यावर टाकलं हे लिहायची काही गरज होती का? मी वाचून दाखवलं तेव्हा हे म्हणाले की स्पष्टवक्ती माणसं दुर्मीळ असतात. यांना त्या दिवशी बिनमिठाची कोशिंबीर मिळाली.

तरीही लिहिते, कारण तुमची रोपं उगवली आहेत आणि चांगली मांडीइतकी उंच झाली आहेत. उगवायला इतका वेळ लावला की मी रोज माती उकरून बघायला लागले. मग यांनी कुंड्यांपुढे खुर्ची टाकून पहारा ठेवला, तो रोपांवर नव्हे, माझ्यावर. ध्रुव प्रायश्चित्त म्हणून दर शनिवारी मातीची पोती जिन्याने वर चढवतो. तो आता पिझ्झावर काहीही भुरभुरण्याआधी सगळ्यांची परवानगी घेतो.

शाल्मली मात्र येते आणि कुंड्यांजवळ नुसती बसते. पहिल्यांदा रोपं बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पानं चुरगळून हाताचा वास घेत होती. आईच्या परसात बसल्यासारखं वाटतं म्हणाली. लग्नानंतर माझ्या घरात ती पहिल्यांदाच पाय पसरून बसली असेल. तुमच्या मिरचीचं एवढं एक तरी मला मान्य करायला हवं.

कुंड्या मी एक तुमची, एक माझी, अशा शेजारीशेजारी मांडल्या आहेत, पंगतीत विहिणी बसवाव्यात तशा. दोघींनाही बारीक कळ्या दिसायला लागल्या आहेत. शेजारच्या गच्चीवर रोशन नावाचा मुलगा राहतो. एचएसआर लेआउटला कुठल्याशा कंपनीत आहे आणि हौसेने मधमाश्यांची पेटी पाळतो. त्याच्या माश्या इकडे येतात म्हणून फळ भरपूर धरेल असं तो म्हणतो. तेव्हा काळजी नसावी.

आशीर्वाद असू द्या, टोमणे थोडे कमी असले तरी चालेल.

आपली,
भाग्यलक्ष्मी

*

संकेश्वर
२४ ऑगस्ट २०२४

सौ. भाग्यलक्ष्मी विहीणबाई यांस,
मालनचा घाईत नमस्कार, वि. वि.

पत्र वाचून उभी होते ती बसले. अहो, पंगतीत विहिणी बसवल्या तर फार तर भांडतील. मिरच्या बसवल्या तर एकमेकींत मिसळतात! माशी तुमच्या फुलावर बसून माझ्या फुलावर गेली की संपलं. फळात काही कळत नाही. यंदा माझ्या झाडाला माझीच मिरची लागेल, तिखटही तशीच लागेल. पण आतल्या बीत काय झालं ते पुढच्या वर्षी उगवून वर येतं, आणि मग धड तुमचा रंगही नाही नि धड आमचं तिखटही नाही. आमच्या सासूबाई तर शेजारच्या शेतात वेगळी मिरची दिसली की त्या घराशी बोलणं टाकायच्या. आणि तुमच्याकडे तर माश्या पाळलेल्या!

चूक माझी आहे. पेरायचं कसं ते सगळं लिहिलं आणि हेच लिहायचं राहिलं. आमच्याकडे घराघरात माहीत असलेली गोष्ट, सांगावी लागते हेच डोक्यात आलं नाही.

कळ्या उमलल्या नसतील तर अजून वेळ आहे. कुंड्या लांब ठेवता आल्या तर ठेवा. याहून जास्त मी काही सुचवत नाही. तुमची मिरची चाळीस वर्षांची आहे, माझ्या शब्दावर ती हलवा म्हणणारी मी कोण? पण ही चिमूट मिसळली तर आमच्या घरची मिरची कायमची गेली, एवढं मनाला लागून राहिलं आहे. ते तुम्हाला सांगितलं नाही तर कुणाला सांगू.

लोभ असावा, आणि रोशनच्या माश्यांवर लक्ष असावं.

आपली,
मालन

*

राजाजीनगर
१६ सप्टेंबर २०२४

सौ. मालनताई यांस,
भाग्यलक्ष्मीचा नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र आल्या दिवशीच कुंड्यांची पंगत मोडली. तुमच्या पूर्वेच्या कोपऱ्यात, माझ्या पश्चिमेच्या. पण आमचं घर थर्टी-फॉर्टीच्या साइटवरचं, म्हणजे तीस बाय चाळीस फुटांच्या जागेतलं, गच्ची ती केवढी. माश्यांना पूर्व-पश्चिम कळत नाही.

मग रोशनकडे गेले. त्याने सगळं अदबीने ऐकून घेतलं, मला कॉफी दिली आणि माश्यांना सूचना देता येत नाहीत असं सांगितलं. मी म्हटलं, महिनाभर दार लावून आत ठेव. तो म्हणाला, आंटी, त्या माझ्याकडे राहतात एवढंच, माझं ऐकत नाहीत. पेटी हलवायची तर संध्याकाळी, कुठे तरी लांब, आणि त्याचं लांब म्हणजे कोलारला मामाकडे. त्या मामांना मधमाश्यांची भीती वाटते.

तेव्हा मच्छरदाणी आणली. आणली म्हणजे काढली. तुमच्याकडून आहेरात आलेली, गुलाबी झालरीची, ती. तुमच्या मिरचीला तुमचाच आहेर, यात वावगं काही नाही असं मला वाटलं. काठ्या रोवून छान तंबू केला. दोन दिवस सगळं सरी, म्हणजे ठीक, होतं. तिसऱ्या दिवशी जो वारा सुटला, त्याने ती उचलली आणि थेट आमच्या कोपऱ्यावरच्या गणपतीच्या मांडवावर नेऊन टाकली. खाली जाऊन मागेपर्यंत मंडळाच्या मुलांनी तिच्यात दिव्यांची माळ सोडली होती. देवाच्या डोक्यावरून काढून कशी आणू? पाचव्या दिवशीच्या विसर्जनापर्यंत ती तिथेच होती आणि येणारेजाणारे फोटो काढत होते. पुढे दुसरी जाळी आणली, तर तिच्या भोकांतून रोशनच्या माश्या दारातून आल्यासारख्या ये-जा करतील अशी. ती परत केली.

कळ्या आता टपोऱ्या झाल्या आहेत. एकदोन दिवसांत फुलं उमलतील. काहीतरी करते. तुम्ही काळजी करू नका. मी हो म्हटलं आहे ना, मग तुमची मिरची तुमचीच राहील.

लोभ राहू द्या.

आपली,
भाग्यलक्ष्मी

*

संकेश्वर
२२ ऑक्टोबर २०२४

सौ. भाग्यलक्ष्मी विहीणबाई यांस,
मालनचा स. न. वि. वि.

आहेराची मच्छरदाणी गणपतीच्या कामी आली, म्हणजे आमचं पुण्य तुमच्यामार्फत जमा झालं. आमच्या ह्यांना वाचून दाखवलं, ते ठसका लागेपर्यंत हसले. पण पुढे काय केलंत ते तुम्ही लिहीत नाही. फोनवर शाल्मलीला विचारलं तर सगळं छान आहे म्हणते. तिचं छान मला ओळखता येतं. मी मात्र रोज देवापुढे बसून मिरचीचंच मागणं मागते. देवही कंटाळला असेल.

एक गंमत. गोठ्यामागच्या उकिरड्यावर तुमची बेडगी उगवली आहे. पाणी नाही, खत घातलं नाही, कुणी बोलावलंही नाही, तरी कंबरेइतकी वाढून लाल व्हायला लागली. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ही कानामागून आली आणि नुसतीच लाल झाली. उपटून टाकणार होते. पण यंदा घरात नि शेतात माझं मिरचीचं एक झाड नाही. सकाळी गोठा झाडायला गेलं की तेवढंच लाल डोळ्यांना दिसतं. म्हणून राहू दिली.

डब्यात दिवाळीचा फराळ आहे. कडबोळी तिखट आहेत, पण पाकिटातल्या मिरचीची, तेव्हा पद्मनाभरावांनी बिनधास्त खावीत. सण सुखाचा जावो आणि माझी आठवण कडबोळी संपल्यावरही राहो.

आपली,
मालन

*

राजाजीनगर
६ जानेवारी २०२५

सौ. मालनताई यांस,
भाग्यलक्ष्मीचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

फराळ केव्हाच संपला. यांनी कडबोळी खरोखरच बिनधास्त खाल्ली आणि आपल्याला आता तिखट सोसतं असा गैरसमज करून घेतला आहे.

डबा परत पाठवते आहे. तो रिकामा पाठवता येत नाही आणि घरात भरण्यासारखं दुसरं काही सापडलं नाही, म्हणून त्यात मिरचीचं बी भरलं आहे. हे मी परत करत नाही, कारण तुम्ही मागितलेलं नाही. डबा भरायचा होता, भरला, एवढंच. दुसऱ्या तोड्याचं आहे, झाडावर सुरकुतलेलं, सावलीत वाळवलेलं, राखेत घोळवलेलं. आणि मिसळलेलं नाही. कसं ते विचारू नका, पण याची खात्री मी देते. सुनेच्या वाटणीचं बी तिच्या पुरचुंडीत वेगळं ठेवलं आहे, आणि ती पुरचुंडी आता माझ्या देवघरात असते. तिथे ध्रुव फारसा येत नाही.

पहिल्या तोड्याचा शाल्मलीने ठेचा केला. ध्रुवने तोंडात घातला, डोळ्यांतून धारा लागल्या, आणि त्याने चव लगेच ओळखली.

माझी बेडगी यंदा झाली नाही. माकडं आली आणि उपटून गेली. चालायचंच.

संक्रांत जवळ आली आहे. गोड बोला एवढं तुम्हाला सांगणार नाही, जमेल तेवढं बोला.

आपली,
भाग्यलक्ष्मी

*

राजाजीनगर, बेंगळुरू
८ जानेवारी २०२५

सौ. मालनताई विहीणबाई यांस,
पद्मनाभ राव याचा नमस्कार.

विषय : गच्चीवरील मिरची व माकडे.

वरील विषयास अनुसरून कळवतो, की राजाजीनगरातल्या आमच्या भागात माकडे नाहीत. नोकरीत असताना मी चुकीची माहिती खालून वर जाऊ दिली नाही, ती आता शेजारून शेजारी तरी का जाऊ द्यावी. हे पत्र मी घरात न सांगता लिहीत आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

सप्टेंबरमध्ये फुले उमलण्याच्या आदल्या दिवशी आमच्या घरी चर्चा झाली. बेडगीच्या कुंड्या व्हाइटफील्डला हलवाव्यात असा प्रस्ताव मी मांडला. परंतु मुलांच्या बाल्कनीत समोरच्या इमारतीमुळे ऊन येत नाही. नंतर मी असेही सुचवले, की संकेश्वरीच उपटावी आणि रोपे लागली नाहीत असे आपणास कळवावे, कोणास काही समजणार नाही. त्या रात्री मला जेवण मिळाले नाही. दुसऱ्या दिवशीही उशिरा मिळाले.

सकाळी ती गच्चीवर गेली आणि तिने बेडगीची सगळी झाडे स्वतःच्या हाताने उपटली. मी मदतीस गेलो तर मला खाली पाठवले. नंतर बराच वेळ ती जिन्याच्या पायरीवर बसून रडत होती. माझी आई गेली तेव्हाही ती अशीच तिथे बसली होती. ते बी माझ्या आईने तिला दिलेले. घरातले बी तिने जूनमध्ये सगळे पेरले होते, आणि वाळलेल्या मिरच्या होत्या त्या मे महिन्यात तुमच्या डब्यात भरल्या. तेव्हा आता आमच्याकडे ती मिरची नाही. तिने याबद्दल कोणाकडे तक्रार केलेली नाही आणि करणारही नाही. आपणास हे माहीत असावे असे मला वाटले.

कांदा-लसूण मसाला आपल्या सवडीने थोडा पाठवावा. थोडा म्हणजे आमच्या मापाने थोडा. लोभ आहे, त्याची नोंद घेतलेली आहे.

आपला,
पद्मनाभ

*

संकेश्वर
२० जानेवारी २०२५

भाग्याक्का,

आज विहीणबाई लिहवत नाही, नमस्काराचंही सुचत नाही.

डबा पोचला त्या दिवशी मी बी तळहातावर घेऊन परसात कितीतरी वेळ उभी होते. सासूबाई परत घरी आल्यासारखं वाटलं. आमचे हे गोठ्यातून हाका मारत होते, मला ऐकू येत होत्या, तरी ऐकू येत नाही असं दाखवलं. बहिरेपणाचा तेवढा एक उपयोग आहे. मग दोन दिवसांनी दुसरं पत्र आलं. कुणाचं ते सांगणार नाही, पण त्याला वरती विषय होता. पद्मनाभरावांना रागावू नका. रागावलात तरी जेवायला घाला.

अहो, तुम्ही हे काय केलंत? मी तुमच्या मिरचीला कुंकू म्हटलं, उकिरड्यावर टाकलं आणि वर ते कळवलंही. तरी तुम्ही माझी ठेवून तुमची उपटलीत, आणि माझ्या जिवाला लागू नये म्हणून माकडांवर ढकललंत. माझ्या हातून हे झालं नसतं. मी तुमची उपटली असती आणि बकरीवर ढकललं असतं, हे मी देवापुढे सांगायला तयार आहे.

आता डबा उघडा. वरती मसाला दिसेल, बरणीच्या तळाशी उरलेला, तो वेगळ्या पिशवीत आहे, पद्मनाभरावांच्या मापाने. त्याखालच्या कापडात बेडगीचं बी आहे. तुमचंच. उकिरड्यावर उगवलेल्या झाडांचं, दुसऱ्या तोड्याचं. राहू दिली म्हणून मागे लिहिलं होतं ना, तीच झाडं. ते पत्र वाचल्यावर तशीच गोठ्यामागे धावले. आमची गाय त्या मिरच्यांना तोंड लावत नाही म्हणून मी तिला आजवर शहाणी समजत होते. आता तिचे उपकार मानते. आणि हे बी मिसळलेलं नाही, याची खात्री मी देते. मिसळणार कशात? बोकड्याच्या धास्तीने शेजाऱ्यांनीही यंदा मिरची लावली नाही, आमच्या आसपास दुसरी मिरचीच नव्हती. माझी गेली म्हणून तुमची चोख राहिली. वर्षभर ज्या गोष्टीसाठी मी देवाला बोल लावला, ती त्याने कुणासाठी केली ते आज कळलं. त्यातल्या चार मिरच्या मी ठेवून घेतल्या आहेत. भाजीत घालते. लागते पाण्यासारखीच, पण रंगासाठी घालते.

एकच मागणं आहे. ओटीतलं बी परत मागायचं नाही ही रीत मी पाळली, पण हे मागते. तो डबा या वेळी रिकामा पाठवा. विहिणीचा डबा रिकामा येऊ नये म्हणतात. बहिणीचा आला तरी चालतो.

तुझी,
मालन

*

राजाजीनगर
३ फेब्रुवारी २०२५

मालनक्का,

बी मिळालं. कापडाची गाठ सोडल्यावर यांनी डोळे पुसले, आणि या वेळी कारण मसाला नव्हतं. यांना जेवायला घातलं. गोडाचं घातलं.

डबा घासून, उन्हात वाळवून रिकामा पाठवते आहे. कुरियरच्या दुकानातल्या मुलीने आत काय आहे विचारलं. मी काही नाही म्हणाले. तिने हलवून बघितला, मग काही नाही कोण पाठवतं, असं विचारलं. मी म्हटलं, माझ्या बहिणीला पाठवते आहे. तिला ते लगेच पटलं.

तुझी,
भाग्या